मधुमेहाचं निदान झालंय? जेवणाची घडी अशी बसवा

रिपोर्ट हातात पडला की दोन दिवसांत सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं भात बंद करा, कुणी फळं बंद करायला लावतं, कुणी कसल्या तरी बिया रात्री भिजवून सकाळी प्यायला सांगतं. आठवड्याभरात बंद पदार्थांची यादी एवढी लांबते की खायचं काय तेच कळेनासं होतं. मग माणूस थोडे दिवस अर्धपोटी राहतो, चिडचिडा होतो आणि एक दिवस सगळं सोडून पूर्वीसारखं खायला लागतो. बंदीच्या यादीवर मधुमेह सांभाळता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एका बैठकीत पिष्ट (भात, पाव, बटाटा असले पदार्थ) किती खाल्लं, कशाच्या जोडीला खाल्लं आणि खाऊन उठल्यावर काय केलं, यावर शुगर बरीचशी ठरते. तुमच्या शरीराला कोणता पदार्थ किती झेपतो हे सांगायला ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाच्या थेंबभर रक्तातून शुगर मोजणारं घरचं मशीन आहे.

इथे लिहिलेलं मुख्यतः टाईप २ मधुमेहाच्या प्रौढांसाठी आहे. टाईप १ असेल तर इन्सुलिनचा डोस कर्बोदकांशी (म्हणजे जेवणातल्या पिष्टाशी आणि साखरेशी) जुळवणं हे वेगळंच शिक्षण आहे आणि ते मधुमेहतज्ज्ञांकडूनच घ्यायला हवं. गरोदरपणातल्या मधुमेहाची उद्दिष्टं जास्त कडक असतात. किडनीचा आजार सोबत असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम किती चालेल हे आधी विचारा, कारण पुढे सांगितलेल्या काही गोष्टी तुम्हाला तशाच्या तशा लागू होणार नाहीत.

सुरुवात गोळ्यांच्या पाकिटापासून

जेवणात बदल करण्याआधी आपण कोणतं औषध घेतो ते वाचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमका धोका इथेच असतो.

फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर काळजीचं कारण कमी. ते एकटं घेतलं तर शुगर सहसा धोक्याच्या पातळीखाली जात नाही. पण पाकिटावर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड असं नाव असेल तर गोष्ट वेगळी. ही सल्फोनिलयुरिया गटातली औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही पोटभर जेवलेले असा की उपाशी. बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनचंही तेच. कालपर्यंतच्या जेवणावर बेतलेला डोस तसाच ठेवून आज तुम्ही भात अर्ध्यावर आणलात, तर शुगर फार खाली येऊन संध्याकाळपर्यंत हात थरथरायला लागू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना फोन करा, 'मी जेवणातलं पिष्ट कमी करतोय, डोस बदलायचा का?' एवढंच विचारा आणि मग सुरुवात करा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही तिसऱ्या प्रकारची औषधं आहेत. ती जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. यातलं काही चालू असताना कर्बोदकं एकदम तोडणं किंवा लांबलचक उपास करणं धोक्याचं ठरू शकतं. रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात आणि मशीनवर आकडा मात्र फारसा वाढलेला दिसत नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर शुगर ठीक दिसतेय म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा आणि कोणती गोळी घेता तेही सांगा.

आपले आकडे कोणते, ते लिहून ठेवा

उपाशीपोटी शुगर १०० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या आत असेल तर सामान्य, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ त्यांच्यावर साखर चिकटत राहते. ती ५.७ टक्क्यांच्या आत सामान्य, ६.५ पासून पुढे मधुमेह. अॅनिमिया किंवा रक्ताचा दुसरा काही विकार असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे झाले निदानाचे आकडे. रोज गाठायचे आकडे वेगळे असतात. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत, असं उद्दिष्ट धरतात. वय जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा शुगर वारंवार लो होत असेल तर डॉक्टर मुद्दाम सैल उद्दिष्ट देतात. शेजाऱ्याचं उद्दिष्ट आपल्याला लावून घेऊ नका. काही देशांत रिपोर्ट मिलिमोलमध्ये येतो, त्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

मशीन घेऊन बसा: जोडीने तपासणी

या सगळ्यात एकच गोष्ट करायची ठरवली तर मी हीच करायला सांगेन. नुसती सकाळची उपाशीपोटीची शुगर वर्षानुवर्षं लिहिणारे लोक असतात. वही भरते, पण जेवणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. जेवणाचा हिशेब हवा असेल तर एकाच जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी जोडी लागते.

पद्धत सोपी आहे. जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. फळ चिरलेल्या बोटावर राहिलेला रससुद्धा आकडा भलताच वाढवून दाखवतो, आणि ओल्या बोटावर रक्ताचा थेंब पातळ होतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखणं कमी होतं. आकडा लिहा. मग नेहमीसारखं जेवा आणि काय किती खाल्लं ते वाटी-चमच्याच्या मापात लिहून ठेवा. पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा टोचा. घड्याळ पहिल्या घासापासून लावायचं, जेवण संपल्यापासून नाही.

समजा दुपारी दोन वाट्या भात, एक वाटी शिजवलेली कडधान्यं आणि जेमतेम दोन चमचे भाजी असं जेवण झालं. आधी ११८, दोन तासांनी २१४. म्हणजे ९६ ची उडी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच जेवण, फक्त भात एक वाटी आणि भाजी दीड वाटी. आधी ११५, नंतर १७२. उडी ५७ वर आली. तिसऱ्या दिवशी हेच जेवण आणि उठल्यावर पंधरा मिनिटं चालणं. आधी ११९, नंतर १५४. आता तुमच्या हातात कुणाचा सल्ला नाही, तुमच्या शरीराचं उत्तर आहे. भात बंद करावा लागला नाही, आणि कोणत्या बदलाने किती फरक पडला तेही दिसलं.

यात दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. भात कमी केला, शिवाय चाललात आणि संध्याकाळचा चहाही बिनसाखरेचा केला, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. आणि पाच-दहा आकड्यांच्या फरकावर निष्कर्ष काढू नका. ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही १०० च्या वरच्या आकड्याला पंधरा टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. मशीनने १७० दाखवलं तर खरी शुगर १४५ ते १९५ मध्ये कुठेही असू शकते. म्हणून एकच जोडी दोन-तीन वेळा करून बघा. उडी दरवेळी मोठी दिसली तरच त्या जेवणाला हात घाला.

मशीनच्या पट्ट्या महाग पडतात, रोज सहा वेळा टोचणं परवडत नाही, हे अगदी खरं. त्याची गरजही नाही. एक आठवडा फक्त नाश्त्याची जोडी, पुढचा आठवडा दुपारच्या जेवणाची, मग रात्रीची. महिन्याभरात दिवसभराचं चित्र उभं राहतं. दंडावर लावायचा, शुगर सतत मोजणारा सेन्सर परवडत असेल तर दोन आठवडे लावून बघणं फार शिकवून जातं, पण त्यावाचून काही अडत नाही.

ताटाची वाटणी

आता ताट. साधारण २३ सेंटिमीटरची, म्हणजे नऊ इंची ताटली घ्या. मोठ्या ताटात थोडं वाढलेलं दिसत नाही म्हणून आपण जास्त वाढून घेतो. ताटलीचा अर्धा भाग पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरायचा: पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, काकडी, टोमॅटो, भोपळी मिरची, वांगी, शेंगा. पाव भाग प्रथिनांचा: अंडी, मासे, चिकन, पनीर, टोफू, कडधान्यं. उरलेल्या पाव भागात पिष्ट: भात, पाव, नूडल्स, पास्ता किंवा धान्याचा दुसरा कोणताही पदार्थ. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन हीच वाटणी शिकवते, आणि वजनकाटा न वापरता करता येण्याजोगी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

घोळ होतो तो बटाट्यापाशी. स्वयंपाकघरात बटाटा, रताळं, मका, मटार या भाज्या. शुगरच्या हिशेबात मात्र त्यांची जागा पिष्टाच्या पाव भागात. बटाट्याची भाजी आणि भात एकत्र घेतला तर ताटात पिष्टाचे दोन वाटे झाले. कडधान्यांमध्ये प्रथिनं आणि पिष्ट दोन्ही असतं, पण सोबत तंतू (फायबर) भरपूर असल्याने ती शुगर सावकाश चढवतात. ती प्रथिनांच्या भागात ठेवायला हरकत नाही, फक्त त्या दिवशी पिष्टाचा भाग थोडा आखूड करा.

अंदाजासाठी एक आकडा ध्यानात ठेवा: शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. एक दिवस घरची वाटी भातासकट वजनकाट्यावर ठेवून बघा, रिकाम्या वाटीचं वजन वजा करा. एकदा डोळ्यांना सवय झाली की पुन्हा मोजावं लागत नाही. बहुतेकांना पहिल्यांदा धक्काच बसतो, कारण ज्याला आपण 'थोडासा भात' म्हणतो तो अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतो.

तेल-तुपाचं काय? चरबीने शुगर लगेच चढत नाही, उलट जेवण पोटातून हळू पुढे सरकतं. पण एका ग्रॅम चरबीत ९ उष्मांक (कॅलरी) असतात, पिष्टात आणि प्रथिनांत ४. तळलेल्या जेवणात दोन तासांची शुगर बरी दिसते आणि चार-पाच तासांनी चढते, हाही अनुभव येतो. चीजने लडबडलेल्या पिझ्झ्याची जोडी कधी तपासलीत तर दोनऐवजी चार तासांनी पुन्हा एकदा टोचून बघा.

आधी भाजी, मग भात

तेच जेवण, तेवढंच, फक्त क्रम बदलून खाल्लं तरी शुगरमध्ये फरक पडतो. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासलं होतं. टाईप २ मधुमेह असलेल्या, मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ जणांना एका दिवशी पाव आणि संत्र्याचा रस आधी दिला, भाजी आणि चिकन पंधरा मिनिटांनी. आठवड्याने क्रम उलटा केला. भाजी-चिकन आधी खाल्लं त्या दिवशी जेवणानंतर एका तासाची शुगर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. अभ्यास छोटा आहे, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर हळू रिकामं होतं, आणि पिष्ट आतड्यात एकदम न पोहोचता थोडंथोडं पोहोचतं.

घरी हे करायला काहीच लागत नाही. बसल्या बसल्या भाजी-कोशिंबीर संपवा, अंडं किंवा मासा संपवा, भाताला शेवटी हात घाला. एक जादा फायदा म्हणजे तोवर भूक बरीच शमलेली असते. सगळं एकत्र कालवून खायची सवय असेल तर निदान पहिली पाच-सात मिनिटं नुसत्या भाजीला द्या.

ग्लायसेमिक इंडेक्सच्या फार मागे लागू नका

१९८१ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थांना त्यांच्या शुगर चढवण्याच्या वेगानुसार क्रमांक द्यायची कल्पना मांडली, तोच हा ग्लायसेमिक इंडेक्स. शुद्ध ग्लुकोज १००, बाकीचे पदार्थ त्या तुलनेत. पांढरा पाव आणि पांढरा भात सत्तरीच्या पुढे, मसूर तिशीच्या आसपास. ही कल्पना उपयोगी आहे, पण ती वेग सांगते, किती खाल्लं ते सांगत नाही. कलिंगडाचा इंडेक्स सत्तरीच्या वर म्हणून लोक ते सोडून देतात. पण कलिंगडात बहुतेक पाणीच. १२० ग्रॅमच्या फोडीत जेमतेम आठ-नऊ ग्रॅम कर्बोदकं, त्यामुळे एका फोडीने फारशी उडी येत नाही. उलट कमी इंडेक्सचा पदार्थ दोन ताटल्या भरून खाल्ला तर शुगर चढणारच.

शिजवण्याच्या पद्धतीनेही हा आकडा बदलतो. जाडसर ओट्सपेक्षा दोन मिनिटांत तयार होणारे इन्स्टंट ओट्स बरेच लवकर चढवतात, कारण दाणा आधीच मोडलेला, अर्धवट शिजलेला असतो. त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच: दाणा जितका अख्खा, तितका बरा. पीठ जितकं बारीक आणि शिजवून जितकं मऊ, तितकी घाई.

पेयं

इथे मात्र मी सरळ बंद म्हणेन. ३३० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे, आणि चावावं काहीच लागत नसल्याने ती काही मिनिटांत रक्तात पोहोचते. ताज्या फळांचा रसही यात फार मागे नाही. तीन संत्री सोलून खाताना आपण दुसऱ्यावरच थांबतो, पण त्यांचा रस एका दमात पिऊन होतो आणि चोथा गाळणीत राहतो. तहान पाण्याने भागवा. चहा-कॉफीतली साखर आठवड्याला पाव-अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुर करत नाही.

गोड, फळं आणि 'शुगर फ्री'

फळ खायचं. अख्खं, चावून, एका वेळी एक. मुठीत मावेल एवढं फळ हे चांगलं माप. जेवणावर लगेच फळ घेतलं तर दोन्हींची कर्बोदकं एका बैठकीत मोजली जातात. ते मधल्या वेळी चार बदाम किंवा दह्याच्या जोडीला घ्या. सुक्या फळांत पाणी उडून गेलेलं असतं. दोन खजूर किंवा चमचाभर मनुका पुष्कळ झाल्या.

मध असो, ब्राऊन साखर असो की फळांपासून केलेलं सिरप, शुगरच्या हिशेबात सगळे एकाच घरचे. 'नैसर्गिक' या शब्दाने आकडा खाली येत नाही. विश्वास बसत नसेल तर एकदा जोडीने तपासून पाहा.

गोड कायमचं सोडायची शपथ घेऊ नका. ती मोडते आणि मोडल्यावर माणूस ताळतंत्र सोडून खातो. ज्या दिवशी गोड खायचंय त्या दिवशी जेवणातलं पिष्ट तेवढं कमी करा, गोड जेवणाच्या शेवटी घ्या, उपाशीपोटी नको, आणि नंतर चालायला जा.

आता दुकानातून आणलेलं एखादं 'शुगर फ्री' बिस्किटांचं पाकीट हातात घ्या. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ते दोन शब्द. पाकीट उलटं करा. बारीक अक्षरांतल्या तक्त्यात 'त्यापैकी साखर' या ओळीत अर्धा ग्रॅम लिहिलेलं सापडेल. तिथे थांबू नका, तिच्या वरची ओळ वाचा: एकूण कर्बोदकं. दर १०० ग्रॅममागे ६५-७० ग्रॅम असतील, कारण बिस्किट मैद्याचंच आहे. चार बिस्किटं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, त्यात सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं. बिस्किटांच्या बदल्यात ताटातलं तेवढं पिष्ट कमी करायची तयारी असेल तर खा, पण साखर नाही म्हणून मोकळ्या हाताने खाऊ नका. तक्त्यातला आकडा १०० ग्रॅमचा आहे की 'एका वाढणीचा' तेही बघा, वाढणी बहुधा आपण खातो त्याहून लहान धरलेली असते. घटकांच्या यादीत पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात. पहिल्या तिनात मैदा, साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर पाकीट परत फळीवर. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण शुगर ग्लुकोजच्याच वेगाने चढवतं.

जेवणाच्या वेळा, रात्र आणि सकाळचा आकडा

रात्री काहीच गोड खाल्लं नाही आणि तरी सकाळी १५०, हे बऱ्याच जणांचं कोडं असतं. त्याचं उत्तर यकृतात आहे. पहाटे शरीर जागं व्हायची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि अपुऱ्या इन्सुलिनला ती आवरत नाही. म्हणून सकाळचा आकडा वाढलाय म्हणून रात्रीचं जेवणच टाकलं, तर फायदा होईलच असं नाही. सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना तर ते धोक्याचं आहे. त्यापेक्षा रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आणि बेताचं ठेवून आठवडाभर आकडे पाहा. तरी उतरत नसेल तर औषधाबद्दल बोलायची वेळ आलीय, त्यात तुमचा दोष नाही.

जेवणानंतर चालण्याबद्दल वर आलंच आहे. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर आत ओढून घेतात. त्यामुळे पहाटे तासभर चालणाऱ्यांनीही दर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं वेगळी काढावीत. घरातल्या घरात फेऱ्या, जिने, भांडी घासणं, काहीही चालेल. लगेच आडवं होणं तेवढं टाळा.

दारू घेत असाल तर उपाशीपोटी कधीही नको. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतलं की नवी साखर तयार करणं मागे पडतं, आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असेल तर मध्यरात्री शुगर लो होऊ शकते. सोबतच्यांना ती झिंग वाटते.

शुगर लो झाली तर

घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. शक्य असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम जलद साखर घ्या: ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा पाण्यात विरघळवलेली चार चमचे साखर, किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. शुगर सावरल्यावर आणि पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाऊन घ्या. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. घाबरून अख्खा डबा रिकामा करू नका, तासाभराने आकडा ३०० वर गेलेला दिसतो.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवायचं: ही औषधं घरातली साखर आतड्यात फुटू देत नाहीत, त्यामुळे साखरपाण्याने शुगर वेळेत चढणार नाही. त्यांच्या खिशात ग्लुकोजच हवं. ५४ च्या खाली गेलेली शुगर गंभीर समजा आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. तातडीची मदत बोलवा. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा.

वजन

अंगावर जादा वजन असेल तर ते कमी करण्याइतका दुसरा कोणताही खाण्यातला बदल परिणामकारक नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० उष्मांकांचा ठरीव आहार दिला, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या पातळीबाहेर होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, म्हणजे उतरवलेलं वजन टिकवणं हे खरं अवघड काम.

एवढा कमी आहार स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्या अभ्यासात औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती आणि लोकांवर सतत लक्ष होतं. पण ताटाची वाटणी पाळून सहा महिन्यांत पाच-सात किलो उतरवणं पुष्कळांना जमतं, आणि तेवढ्यानेही शुगर आणि रक्तदाब दोन्ही हलतात. वजन आधीच कमी असेल किंवा न प्रयत्न करता उतरत असेल तर मात्र ही पायरी तुमची नाही, डॉक्टरांना भेटा.

तब्येत बिघडली की

ताप, जुलाब, उलट्या असताना काही न खाताही शुगर चढू शकते. अशा दिवशी दर चार तासांनी तपासा, घोटघोट पाणी पीत राहा, जेवण जात नसेल तर पातळ पेज किंवा सूप घ्या. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. वर सांगितलेली लघवीवाटे साखर टाकणारी गोळी आणि मेटफॉर्मिन त्या दिवसांत थांबवायची का, हे फोन करून विचारा. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा शुगर ३०० च्या खाली येत नसेल तर वाट बघू नका.

डॉक्टरांकडे जाताना

गोड कमी केलंय असं तोंडी सांगण्यापेक्षा वहीचं एक पान न्या: आठवड्याभरातल्या पाच-सहा जोड्या, प्रत्येकीपुढे काय किती खाल्लं आणि नंतर चाललात का. वेळ कमी असला तरी असं पान डॉक्टर वाचतात, कारण नाश्ता नडतोय की रात्रीचं जेवण, हे त्यांना लगेच दिसतं आणि गोळीची वेळ त्यानुसार बदलता येते. लो झाल्याच्या नोंदी लाल शाईने करा. एचबीए१सी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, घडी बसल्यावर सहा महिन्यांनी करतात. मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू असेल तर बी१२ ची तपासणी मागून घ्या, ते या औषधाने कमी होऊ शकतं. आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पाय, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून झालंय का, हे निघण्यापूर्वी विचारा.